खाली नावाचा मोहल्ला

पांढुर्ण्यात माझी थोरली बहीण राहते त्या मोहल्ल्याचं नाव खाली. बाजाराकडून येणारा रस्ता एका वळणावर संपतो आणि तिथून जाम नदीकडे उतार लागतो. त्या उतारावर घरं आहेत. वरचे लोक त्यांना खालचे म्हणत, खालचे लोक 'आम्ही खाली राहतो' असं सांगत, आणि सांगता सांगता तेच नाव पडलं. आधार कार्डावर खाली, विजेच्या बिलावर खाली, लग्नपत्रिकेवर 'मु. खाली, पांढुर्णा'. मराठीत या शब्दात काही दोष नाही. पण पांढुर्णा मध्य प्रदेशात आहे आणि मध्य प्रदेशाचा कारभार हिंदीत चालतो. हिंदीत खाली म्हणजे रिकामं.

दोन्ही भाषा बोलणाऱ्या गावात यावरून कधी घोटाळा झाला नव्हता. सौंसरच्या बसमध्ये 'सीट खाली आहे का' असं विचारणारा आणि 'पिशवी खाली ठेव' असं सांगणारा माणूस एकच असतो, आणि कुणी पिशवीतलं सामान रिकामं करत नाही. घोटाळ्यासाठी एक बाहेरचा माणूस लागतो आणि त्याच्याशी हौसेने हिंदी बोलणारा एक घरचा माणूस लागतो. बाहेरचा माणूस सर्वेक्षणासाठी आला. घरचा माणूस म्हणजे माझे भाऊजी.

भाऊजी तहसील कचेरीत बाबू होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच सरकारी वस्तू उरली, ती म्हणजे कचेरीची हिंदी. भाजीवालीला ते 'उक्त मेथी का भाव' विचारतात. भाजीवाली मराठी आहे. ती मराठीत भाव सांगते. व्यवहार होतो.

पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि शहराला विकास आराखडा हवा असं ठरलं. मोजणीचं काम बाहेरच्या एका खासगी संस्थेला मिळालं. संस्थेने हातात टॅब्लेट दिलेली काही तरुण मुलं पाठवली. त्यातला एक जण वळणावरच्या चहाच्या टपरीशी थांबला. भाऊजी तिथे बसलेले होते. पुढचा संवाद भाऊजींनी त्याच संध्याकाळी घरी अभिमानाने सांगितला, त्यामुळे तो शब्दशः उपलब्ध आहे.

"अंकल, इस सड़क के नीचे क्या है?"

"नीचे खाली है."

"पूरा?"

"संपूर्ण. नदी तक खाली."

"किसी का कब्ज़ा-वब्ज़ा?"

इथे भाऊजींमधला महसूल खात्याचा बाबू दुखावला. कब्जा म्हणजे अतिक्रमण. खालच्या लोकांकडे जमिनीचे सरकारी पट्टे आहेत. "कब्जा बिल्कुल नहीं है," ते म्हणाले. "चाहें तो स्थल निरीक्षण कर लीजिए."

ऊन होतं. मुलाने टॅब्लेटवर बोट टेकवलं, भाऊजींचे आभार मानले आणि चहा घेऊन तो निघून गेला. ताईने हे सगळं ऐकून विचारलं, "मंग खाली आला काहून नाही तो?" भाऊजी म्हणाले, "गरजच काय? मी सांगतलं ना सगळं नीट."

काही महिन्यांनी आराखड्याचा मसुदा पालिकेच्या भिंतीवर लागला. नकाशात राहत्या वस्त्यांना पिवळा रंग असतो, बागांना हिरवा. वळणापासून नदीपर्यंतचा सगळा उतार हिरवा होता. त्यावर लिहिलं होतं: प्रस्तावित नदी तट उद्यान. विद्यमान भूमि उपयोग: रिक्त.

एरवी खालच्या लोकांनी नकाशाकडे लक्षही दिलं नसतं. नकाशे लागतात, उन्हात फिके पडतात, त्यावर क्लासच्या जाहिराती चिकटतात. पण ताईचं घर तेव्हा अर्धं मोडलेलं होतं. सरकारी घरकुल योजनेत तिला पक्की खोली मंजूर झाली होती आणि जुनं पाडल्याशिवाय नवं मिळत नाही. तिने कवेलूची, म्हणजे कौलांची, खोली पाडून पाया भरला, भिंत खिडकीपर्यंत आणली, आणि तिथे कागद अडला. उद्यानाच्या जागेवर घर बांधायला मंजुरी देता येत नाही, असं तिला सांगण्यात आलं. तोपर्यंत मुलगा, सून, नातू आणि हे दोघं स्वयंपाकघरात झोपत होते. भाऊजींचे पाय देवळीशी आणि डोकं गॅसच्या सिलिंडरशी.

"बगीच्यात झोपून राहिलो आपण," ताई मला फोनवर म्हणाली. "हवा चांगली हाये. ये एक दिवस."

मी सौंसरहून बसने गेलो. या रस्त्यावर पूर्वी दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे होते. बरेच अजून आहेत. ज्यांचे मालक थकले किंवा शहाणे झाले त्यांनी झाडं तोडून लेआउट टाकले, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडले. लेआउटला आधी कमान येते, मग कमानीवर इंग्रजी नाव, मग सिमेंटचे रस्ते आणि विजेचे खांब. माणसं येतातच असं नाही. मी स्वतः सौंसरला अशाच एका लेआउटमध्ये राहतो. आमच्या कमानीवर बाग या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे आणि आत एक संत्र्याचं झाड आहे, तेही कुंपणाच्या कामात मध्ये आलं नाही म्हणून. आराखड्याच्या मसुद्यात पांढुर्ण्याबाहेरचे असे सगळे लेआउट पिवळे होते. तिथे गवत होतं, पण कागद पूर्ण होते. थोडक्यात, जिथे बगीचे होते तिथे घरं दाखवली होती आणि जिथे घरं होती तिथे बगीचा.

यात पांढुर्ण्याचं काही विशेष आहे असं मला वाटलं नाही. नागपूरच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं बातम्या नीट करण्याचं काम केलं. जगभरच्या शहरांच्या बातम्या टेबलावर यायच्या. खंड बदलायचा, क्रम तोच. आधी नदीकाठची वस्ती धोकादायक ठरते, मग अनधिकृत ठरते, मग तिथे फिरायला फरसबंदी होते, आणि शेवटी तिथून हलवलेल्या लोकांची मुलं त्याच फरसबंदीवर फुगे विकताना फोटोत येतात. फोटोला ओळ लिहायचं काम माझ्याकडे असे. पण वस्ती नावावरूनच रिकामी ठरल्याची बातमी माझ्या हाताखालून गेली नव्हती. पांढुर्ण्याने मधले टप्पे वाचवले होते.

ताईच्या अंगणात मोहल्ल्याची बैठक बसली. अंगण म्हणजे पाडलेल्या खोलीची जागा. नकाशासोबतची जाहीर सूचना कुणीतरी मोबाइलवर काढून आणली होती. त्यात लिहिलं होतं की या मसुद्यावर 'आपत्तियां आमंत्रित हैं'. आपत्ति म्हणजे हरकत. पण ताईच्या शेजारच्या म्हाताऱ्याने, जो संत्र्याच्या पेट्या ठोकायचं काम करत असे, ते मोठ्याने वाचून चष्मा काढला.

"आपत्त्या बलावून राहिले बापा हे. वरून म्हणते आमंत्रित. पत्रिका छापून."

"काका, हरकत म्हणते तिला हिंदीत," भाऊजी म्हणाले.

"तुमी चूप बसा जी," काका म्हणाले. "तुमच्या हिंदीनं आमी बगीचा झालो. आता पुढं कोणी नदीचं नाव पुसलं तं सांगजा नको. जाम म्हणसान, आन् ट्राफिक हाये समजून वरून पूल टाकतील."

भाऊजी त्या दिवसापासून मोहल्ल्यात हिंदी बोलणार नाहीत, असं ठरलं. ठराव एकमताने झाला. भाऊजींनी मत दिलं नाही, पण विरोधही नोंदवला नाही.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्रातला माणूस म्हणजे अर्ज लिहिणारा, अशी समजूत आहे. मी पहिलं वाक्य लिहिलं: 'खाली मोहल्ला खाली नहीं है.' ते बरोबर होतं आणि त्याला काही अर्थ नव्हता. मग लिहिलं: 'जिसे खाली बताया गया है वह खाली है, परंतु खाली नहीं है.' ते अधिक बरोबर होतं. ताई म्हणाली, "हे वाचून तं मीच उठून चालली जाईन घरातून." शेवटी 'खाली नामक बस्ती में लोग निवास करते हैं' यावर थांबलो. भाऊजींनी लांबून खूण करून 'निवासरत हैं' असं सुचवलं. घेतलं नाही.

सुनावणीला एक तरुण अधिकारी बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. त्या बाहेरच्या होत्या, मराठी त्यांना येत नव्हती, पण ऐकून घ्यायची सवय होती, आणि ती दुर्मीळ असल्याने नोंदवतो. त्यांनी राहण्याचे पुरावे मागितले. ताईने आधार कार्ड पुढे केलं.

मॅडमनी वाचलं. मग विजेचं बिल वाचलं. मग काकांचं मतदार ओळखपत्र.

"इन सब पर खाली लिखा है," त्या म्हणाल्या.

"हो ना," ताई म्हणाली. "तेच तं सांगून राहिलो."

"वही तो नक्शे में भी लिखा है."

आपण राहतो याचा प्रत्येक पुरावा आपण राहत नाही हे सिद्ध करत होता. मी मॅडमना शब्दाचे दोन अर्थ सांगितले. त्यांना ते लगेच समजलं. मी विचारलं, उपग्रहाच्या छायाचित्रात छपरं दिसली नाहीत का? शेजारी बसलेल्या सर्वेक्षण संस्थेच्या माणसाने उत्तर दिलं: छपरं दिसली होती, पण छायाचित्रापेक्षा जमिनीवरचं सर्वेक्षण वरचढ मानलं जातं. जमिनीवरच्या सर्वेक्षणात जागा खाली होती, म्हणून ती छपरं म्हणजे टाकून दिलेली टिनं असणार, असं धरलं गेलं.

काकांना राहवलं नाही. ते उठले. "मॅडम, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीतून सावरगाववाल्यायवर गोटे कोण मारते मंग? खाली जागा मारते?"

मी भाषांतर केलं. मॅडमनी गोटमारीबद्दल, म्हणजे दोन काठांमधल्या या दरवर्षीच्या, बंदी असूनही चालणाऱ्या दगडफेकीबद्दल, ऐकलेलं होतं. त्यांनी पेन उचललं. "ये लिखवाना है? कौन मारता है, नाम सहित?"

काका बसले. "राहू द्या जी. उगाच आठवलं."

मॅडमनी फाइल मिटली आणि स्वतः येऊन पाहते म्हणाल्या. त्या खरोखर आल्या. वळणावर गाडी थांबली, त्या उतरल्या आणि उतारावर चालत खाली आल्या. मोहल्ल्यात एवढी शांतता कधी नव्हती. भाऊजींना काकांच्या घरात बसवून ठेवलं होतं आणि दाराशी काका उभे होते. मॅडमनी घरं पाहिली, नळ पाहिले, अंगणवाडी पाहिली. अंगणवाडी सरकारचीच होती. रिकाम्या जागेवर सरकार मुलांना खिचडी वाढत होतं, हे कुठल्या खात्याच्या लक्षात आलं नव्हतं.

ताईने त्यांना अर्धवट भिंतीवर बसायला गोधडी घातली आणि चहा दिला. मॅडमनी विचारलं की घरात किती जण झोपतात. ताईने त्यांना उत्तर न देता स्वयंपाकघराचं दार उघडून दाखवलं. सून आत भाकरी करत होती, तिच्या पाठीशी गाद्यांची चळत, चळतीवर नातू, नातवाच्या हातात मोबाइल. मॅडमनी दार स्वतःच ओढून घेतलं.

"ये पीला हो जाएगा," त्या म्हणाल्या. "पर नाम की दिक्कत रहेगी. मैं चली जाऊँगी, कोई और फाइल खोलेगा, खाली पढ़ेगा, फिर वही होगा. नाम बदल लीजिए."

नाव बदलणं हे लोकांना घर बांधण्यापेक्षा सोपं वाटलं. संध्याकाळपर्यंत तीन देव आणि चार थोर पुरुष सुचवले गेले. दोन थोर पुरुषांच्या बाजूने दोन गट पडले, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत एका गटाने दुसऱ्याच्या नळावर पाणी भरणं बंद केलं. ताईने दोन्ही गटांना सांगितलं, "मायी भिंत तिथंच हाये आन् तुमी पाटीसाठी भांडून राहिले." पण प्रश्न आपोआप मिटला. कार्यालयातून निरोप आला की थोर पुरुषाचं नाव द्यायला वरून ठराव लागतो. फक्त आहे त्या नावाचं हिंदी करता येईल. तेवढं बाबू लोक करून पाठवतील, रहिवाशांनी संमतीच्या सह्या द्याव्यात. सह्या आल्या की दुरुस्ती अंतिम आराखड्यात जाईल. नाही आल्या तर मसुदा आहे तसाच अंतिम होईल.

कागद आला. त्यावर टाइप केलं होतं: नीचा मोहल्ला.

कागद बैठकीत हातोहात फिरला. मराठीत नीच हा शब्द उतारासाठी वापरत नाहीत. तो माणसासाठी वापरतात, तेही भांडण हाताबाहेर गेल्यावर.

"हे गाली लिहून पाठवली," काका म्हणाले. "सरकारी शिक्का मारून."

तेवढ्यात मागून आवाज आला. "निचला पाहिजे." भाऊजी उभे राहिले होते. "नीचा नाही. निचला मोहल्ला. निचला म्हणजे खालचा. टाइप करणारानं चूक केली. हिंदीतही हे चूकच हाये."

"तुमी बसा!" चार जण एकदम म्हणाले.

"अरे पण या वेळेस मी बरोबर सांगून राहिलो!"

"मागच्या वेळेसही बरोबरच सांगतलं होतं तुमी," एकजण म्हणाला. हे खरं होतं. भाऊजी बसले.

भाऊजींचं म्हणणं व्याकरणाच्या दृष्टीने अचूक होतं. मी तसं सांगितलं. मी कार्यालयात फोन करून विचारलंही. उत्तर सभ्य होतं: दुरुस्तीची दुरुस्ती करायला नवीन अर्ज लागेल आणि तो पुढच्या फेरीत येईल. पुढची फेरी आराखडा अंतिम झाल्यानंतर. मॅडमबद्दल विचारलं. त्यांची बदली झाली होती.

मग वाद झाला. तरुणांचं म्हणणं, सही करायची नाही. पोरींच्या लग्नाला पत्रिकेवर हे नाव लिहायचं का? शाळेत पोरांना काय म्हणतील? एकजण म्हणाला, यापेक्षा रिकामे बरे होतो. ज्यांची घरं उभी होती ते मुख्यतः असं बोलत होते. ताई ऐकत होती. तिच्या मांडीवर नातू झोपला होता, कारण बैठक उठल्याशिवाय स्वयंपाकघरात गाद्या पडणार नव्हत्या.

"वरचे पहिलेपासून तेच समजून राहिले आपल्याले," ती म्हणाली. "इतके दिवस मनात होतं, आता लिहून देऊन राहिले. एवढाच फरक. रिकाम्या जागेवर मले कोणी भिंत बांधू देत नाही. नीच माणसाले बांधू देते. तं मी नीच. आना तो कागद."

तिने नातवाला न उठवता सही केली. मांडीवरून कागद हलल्याने सही थोडी वाकडी झाली. काकांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि म्हणाले, "गोटमारीत डोकं फुटलं तं कोणी नाव इचारत नाही," आणि सही केली. याचा संबंध मला तेव्हाही लागला नाही, पण त्यानंतर बाकीच्यांनी केल्या. भाऊजींनी शेवटी केली. सहीखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: त्रुटि सुधार की अपेक्षा सहित.

अंतिम आराखड्यात उतार पिवळा झाला. शहराला ठरावीक हिरवा भाग लागतो, म्हणून ते उद्यान हलवून सौंसर रस्त्यावर नेलं. तिथे सध्या एका शेतकऱ्याचा संत्र्याचा बगीचा आहे. तो तोडून उद्यान करायचं आहे.

ताईची मंजुरी मोकळी झाली. भिंत खिडकीच्या वर गेल्यावर योजनेचा माणूस फोटो काढायला आला. लाभार्थीने बांधकामासमोर उभं राहून हातात पाटी धरायची असते, पाटीवर नाव आणि वस्ती खडूने लिहिलेली. त्याने स्वतःच लिहून आणली होती: नीचा मोहल्ला. ताई पाटी छातीशी धरून उभी राहिली. पदर नीट करायला तिने पाटी क्षणभर भाऊजींकडे दिली. भाऊजींनी पाठ फिरवून 'नीचा'चा काना अंगठ्याने पुसला, तिथे घाईने ला लिहिलं आणि पाटी परत दिली.

आता शब्द झाला होता नीचला. मराठीतही चूक, हिंदीतही चूक. मला दिसलं. भाऊजींनाही दिसलं असावं, कारण ते वेलांटी ऱ्हस्व करायला पुन्हा पुढे झाले, पण योजनेचा माणूस ओरडला, "अंकल, फ्रेम से हटिए."

ताई भिंतीसमोर ताठ उभी होती. फोटो निघाला आणि तिथल्या तिथे सरकारकडे गेला.